वाडग्यातली पिल्लं आधी परत टाकीत न्या

पत्र: आमच्याकडे एंजल माशांची जोडी आहे. दोनदा अंडी घातली आणि दोन्ही वेळा रातोरात स्वतःच खाऊन टाकली. तिसऱ्या वेळी मी अंडी पानासकट काढून वेगळ्या टाकीत ठेवली. दोनशेच्या आसपास पिल्लं निघाली. ती पोहायला लागली त्या दिवशी घरात नुसता आनंद होता. आज त्याला नववा दिवस आहे आणि साठ-पासष्टच उरलीत. मी उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून आणि फ्लेक चुरून दिवसातून दोनदा घालते. काही पिल्लं तळाशी पडून नुसती शेपटी हलवतात, वर येत नाहीत. काहींचं डोकं मोठं आणि पोट आत गेलेलं दिसतं. अशी पंधरा-वीस मी काचेच्या वाडग्यात वेगळी ठेवली, तर त्यातली रोज तीन-चार जातात. कुणी मीठ घाल म्हणतं, कुणी अँटिबायोटिक. माझी आठ वर्षांची मुलगी रोज सकाळी उठल्या उठल्या पिल्लं मोजते आणि आकडा सांगताना तिचा आवाज बारीक होतो. माझं काय चुकतंय? अशक्त पिल्लं वाचवता येतात का, की त्यांचा नाद सोडून द्यावा?

ताई,

पुढचं सगळं सावकाश वाचा, पण त्याआधी उठा आणि वाडग्यातल्या पिल्लांची परत टाकीत जायची सोय करा. त्यांना एकदम ओतू नका. वाडग्यातलं अर्धं पाणी अलगद काढा आणि एअर पंपाच्या बारीक नळीला सैलशी गाठ मारून टाकीतलं पाणी त्यात थेंब थेंब पडू द्या. अर्ध्या-पाऊण तासात वाडगा भरेल. मग एकेक पिल्लू चमच्याने, पाण्यासकट उचला. जाळी वापरू नका. एवढ्या लहान पिल्लाची त्वचा जाळीच्या दोऱ्याला घासली तरी सोलते. टाकीत बारीक जाळीचा तरंगता ब्रीडिंग बॉक्स, म्हणजे पिल्लं वेगळी ठेवायचा छोटा डबा, अडकवून त्यात त्यांना ठेवा. तो नसेल तर एखाद्या प्लॅस्टिकच्या डब्याच्या दोन बाजू कापून तिथे बारीक विणीचं नायलॉनचं कापड चिकटवा आणि डबा टाकीतच तरंगत ठेवा. पिल्लं वेगळी राहतील, पाणी मात्र मोठ्या टाकीचंच असेल.

अशक्तांना वेगळं काढायचं तुम्हाला सुचलं ते योग्यच होतं, फक्त जागा चुकली. वाडग्यात दोन-तीन लिटर पाणी मावतं. त्याला हीटर नाही, फिल्टर नाही. एंजलच्या पिल्लांना २७-२८ अंश तापमान सतत लागतं, आणि वाडग्यातलं पाणी रात्री खोलीबरोबर गार होतं, दिवसा खोलीबरोबर तापतं. त्यात बलकाचा एक कण कुजला तरी एवढ्याशा पाण्यात अमोनिया झपाट्याने चढतो. धडधाकट पिल्लूसुद्धा तिथे तग धरणार नाही. त्यामुळे वाडग्यात रोज तीन-चार जातात यावरून ‘ही मुळातच जगणारी नव्हती’ असं ठरवू नका. ते अजून कळलेलंच नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून माझं स्पष्ट मत असं, की तुमची बहुतेक पिल्लं अशक्त जन्मलेली नाहीत, ती उपाशी आहेत. दिवसातून दोनदा हात टाकीवर फिरत असताना हे ऐकायला जड जाईल, मला कल्पना आहे. पण पाण्यात अन्न पडणं आणि ते पिल्लाच्या पोटात जाणं या दोन गोष्टींत या वयात फार अंतर असतं.

एंजलची अंडी २७-२८ अंशांना साधारण दोन ते अडीच दिवसांत फुटतात. नंतर चार-पाच दिवस पिल्लं डोक्यावरच्या चिकट ग्रंथींनी पानाला किंवा काचेला लटकून नुसती वळवळत असतात. तेव्हा त्यांना तोंडाने काही खायची गरज नसते, पोटाखालच्या पिशवीतल्या बलकावर त्यांचं भागतं. ती सुटून पोहायला लागतात तेव्हा ही शिदोरी संपत आलेली असते. तिथून पुढचे दोन-तीन दिवस सगळं ठरवतात. तेवढ्यात तोंडाला लागेल, पचेल असं अन्न मिळालं नाही, तर पिल्लू अशा अवस्थेला पोचतं की नंतर समोर ताट वाढलं तरी त्याला झेप घ्यायची ताकद उरत नाही. बघणाऱ्याला वाटतं काल बरं होतं आणि आज अचानक गेलं. खरं तर ते तीन दिवसांपूर्वीच हरलेलं असतं. तुमच्याकडे सगळ्यात जास्त मर पोहायला लागल्यापासून तिसऱ्या ते सहाव्या दिवसात झाली का, ते आठवून बघा. तुमची मुलगी रोजचा आकडा सांगते म्हणजे तिला पक्कं ठाऊक असेल. तसं असेल तर कारण भूकच.

बलक आणि चुरलेलं फ्लेक का चालत नाही, हे मला कुणी सांगून पटलं नव्हतं, डोळ्यांनी बघून पटलं. तुम्हीही बघा. रात्री खोलीतला दिवा बंद करा, टाकीच्या एका बाजूने मंद टॉर्च लावा आणि शक्य असेल तर भिंग घेऊन बसा. पिल्लाच्या समोरून एखादा हलणारा जीव गेला की ते थबकतं. दोन्ही डोळे त्याच्यावर रोखतं. मग शेपूट एका बाजूला वळवून अंगाला बाक देतं, ताणलेल्या स्प्रिंगसारखं, आणि क्षणात सुटतं. बहुतेकदा नेम चुकतो. परत थबकतं, परत बाक देतं. हे सगळं चालतं ते हालचालीवर. समोरून बलकाचा कण नुसता खाली गेला तर पिल्लू त्याच्याकडे वळूनही बघत नाही. त्यात या वयात त्याचं पचन अगदी कच्चं असतं. पोट म्हणून वेगळा अवयव नीट घडलेला नसतो, सरळ नळीसारखी आतडी असते. जिवंत, मऊ, ओलं अन्न त्यात विरघळतं, कोरडा चुरा पचायला जड जातो. आणि न खाल्लेला बलक तळाशी कुजून पाणी बिघडवतो, ते वेगळंच. थोडक्यात, पिल्लांना मिळालं काही नाही आणि पाणी मात्र खराब झालं.

मग साठ जगली कशी? ती स्पंज फिल्टरभोवती आणि पानांच्या खालच्या बाजूला घुटमळतात का, ते पाहा. जुन्या स्पंजवर आणि शेवाळावर सूक्ष्मजीव असतात, त्यावर काही पिल्लं निभावून नेतात. नऊ दिवस अशा तुटपुंज्या अन्नावर काढलेली पिल्लं मला कमकुवत वाटत नाहीत.

बलक आजच बंद करा. त्याऐवजी लागेल आर्टेमिया, म्हणजे ब्राइन श्रिम्प या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जीवाची ताजी पिल्लं. एंजलचं पिल्लू पोहायला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून ती खाऊ शकतं. बेट्टासारख्या आणखी बारीक पिल्लांना आधी इन्फुसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, द्यावे लागतात, एंजलला ती पायरी लागत नाही. एक लिटर पाण्यात साधारण २५ ग्रॅम मीठ विरघळवा, चिमूटभर खाण्याचा सोडा घाला आणि पाव-अर्धा छोटा चमचा आर्टेमियाची अंडी टाका. प्लॅस्टिकची बाटली बूड कापून उलटी टांगली की उत्तम, कारण निमुळत्या तोंडाशी अंडी साचून बसत नाहीत. हवेची नळी थेट तळाशी सोडा आणि बुडबुडे जोरात चालू ठेवा, पाणी उकळल्यासारखं दिसलं पाहिजे. जवळ दिवा ठेवा. पाणी २६ ते २८ अंशांवर राहिलं तर चोवीस ते छत्तीस तासांत करड्या-तपकिरी पाण्याला नारिंगी छटा येते.

आता हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी कवचं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात, आणि जिवंत पिल्लं उजेडाकडे धावतात. बाटलीच्या खालच्या भागात एका बाजूला टॉर्च धरा, नारिंगी ढग तिथे जमा होईल. तेवढाच नळीने ओढून बारीक कापडात गाळा, साध्या पाण्याने धुवा आणि ड्रॉपरने टाकीत सोडा. कवचं जाऊ देऊ नका. ती पचत नाहीत आणि इवल्याशा आतडीत अडकतात. आर्टेमियाची पिल्लं निघाल्यापासून सात-आठ तासांच्या आत खाऊ घातली तर सगळ्यात चांगलं, कारण तीसुद्धा स्वतःच्या बलकावरच जगत असतात आणि जसजसा वेळ जातो तसतशी पोकळ होत जातात. म्हणून दोन बाटल्या ठेवा. एक आज लावली की दुसरी उद्या.

आर्टेमिया तयार व्हायला एक दिवस जाईल, तेवढा वेळही तुमच्या पिल्लांना परवडणारा नाही. कवच काढलेली आर्टेमियाची कोरडी अंडी मिळाली तर आज ती द्या. हलत नसली तरी बुडबुड्यांच्या प्रवाहात ती फिरत राहतात आणि नऊ दिवसांचं पिल्लू ती उचलतं. कुणाकडे मायक्रोवर्म, म्हणजे पिल्लांना खाऊ घालायच्या बारीक अळ्या, असतील तर तेही आणा. काहीच नाही मिळालं, तर मोठ्या टाकीतला जावा मॉसचा किंवा शेवाळ धरलेल्या जुन्या पानांचा झुबका पिल्लांच्या टाकीत आणून ठेवा. त्यात गोगलगाय असली तर असू द्या. फक्त मोठ्या टाकीत कुठला रोग नाही याची खात्री असावी.

दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं द्या. किती द्यायचं ते चमच्याने मोजू नका, पोट बघून ठरवा. आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाचं पोट टाचणीच्या डोक्याएवढं गोल आणि नारिंगी दिसतं, पारदर्शक अंगातून ते लांबूनही ओळखू येतं. खायला घातल्यावर पंधरा मिनिटांनी दहा पिल्लं बघायची. आठ-नऊ पोटं नारिंगी असतील तर बेत जमला. न खाल्लेली आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तास जगते आणि मग मरून कुजते, म्हणून ढीगभर घालून दिवसभर निश्चिंत राहायची सोय नाही.

पाण्याबद्दल एक अनुभव सांगतो. माझी एक मोठी वीण होती, तीनशेच्या वर पिल्लं, सगळी नारिंगी पोटांची. बाराव्या दिवशी स्पंज फार घाण दिसला म्हणून मी तो नळाखाली धरून स्वच्छ पिळून, लख्ख करून परत लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिल्लं पृष्ठभागाशी तोंड लावून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या तळाशी पांढरा थर होता. माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या अन्नातून निघणारा अमोनिया पचवणारे जीवाणू त्या स्पंजमध्येच राहत होते आणि नळाच्या क्लोरीनने मी ते मारून टाकले होते. ती सकाळ मी विसरलेलो नाही. तेव्हापासून स्पंज मी टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकासा पिळतो.

तुमच्या पिल्लांच्या टाकीत स्पंज नवा आहे की जुना, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नवा असेल तर मोठ्या टाकीतला चालू स्पंज लगेच इकडे आणा. अमोनियाची टेस्ट किट आणा आणि आकडा शून्य येतोय का, ते बघा. शून्य येत नसेल तर रोज सकाळ-संध्याकाळ पाव-पाव पाणी बदला, आकडा खाली येईपर्यंत. पीएचवरही लक्ष ठेवा. तेवढाच अमोनिया असताना पीएच सातवरून आठवर गेला, तर त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. सगळं ठीक असेल तेव्हाही रोज पाचवा हिस्सा पाणी बदलायचं. एअर पंपाच्या नळीच्या टोकाला कापडाचा तुकडा बांधून तळ शोषून घ्या, आणि खाली पांढरी बादली ठेवा म्हणजे चुकून ओढलं गेलेलं पिल्लू दिसेल. नवं पाणी टाकीच्याच तापमानाचं हवं आणि त्यातला क्लोरीन मारलेला हवा. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरॅमिन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, असतं, ते असं उडत नाही. म्हणून क्लोरीन मारायचं औषध, सोडियम थायोसल्फेट किंवा तयार वॉटर कंडिशनर, वापरलेलं बरं. क्लोरॅमिन असेल तर कंडिशनर अमोनियाही बांधणारा घ्या, कारण क्लोरॅमिन फुटलं की अमोनिया मागे राहतो. नवं पाणी बदाबदा ओतू नका, नळीने थेंब थेंब सोडा. पिल्लांच्या टाकीत वाळू-खडे नसावेत, तळ उघडा असला की काय उरलं ते दिसतं.

अशक्त पिल्लं सगळी एकाच कारणाने अशक्त नसतात. बॉक्समधल्या पिल्लांकडे आता त्या नजरेने बघा.

डोकं मोठं, पोट आत, पण अजून पाण्यात मधोमध तरंगणारी आणि चमचा जवळ नेला की सटकणारी जी आहेत, ती भुकेली आहेत. यातली बरीच वाचतात. बॉक्समध्ये त्यांच्यासमोर दाट आर्टेमिया सोडा, म्हणजे पाठलाग करायला ताकद खर्ची पडणार नाही. मोठी, हुशार पिल्लं आजूबाजूला नसली की ही निवांत खातात. दोन दिवसांत पोटाला रंग आला तर समजा गाडी रुळावर आली. पुढेही त्यांना आकाराप्रमाणे वेगळंच ठेवा. एकाच विणीतली काही पिल्लं भराभर वाढतात आणि अन्नावर तुटून पडतात, लहान राहिलेली आणखी लहान राहतात. वेगळी केली की त्यातली काही बरोबरीला येतात.

तळाशी पडून शेपटी मारणारी, उडी मारून वर येऊ बघणारी आणि परत दगडासारखी खाली जाणारी पिल्लं वेगळी. त्यांच्या पोटातली हवेची पिशवी भरलेलीच नसते, त्यामुळे त्यांना तरंगताच येत नाही. एंजलमध्ये हा दोष बऱ्यापैकी दिसतो. कारणं एकाहून जास्त आहेत. माशांच्या अनेक जातींत पिल्लाला पहिल्या दिवसांत पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो आणि पाण्यावर तेलकट साय धरली असेल तर तो घोट घेता येत नाही. अंड्याचा बलक नेमकी अशीच साय धरतो. कोरा कागद पाण्याच्या पृष्ठभागावर अलगद टेकवून उचला, साय कागदाला चिकटून निघते. दिवसातून दोनदा करा, आणि एअर स्टोनचे बुडबुडे चालू ठेवा म्हणजे पृष्ठभाग मोकळा राहील. या पिल्लांसाठी बॉक्समधलं पाणी फक्त चार-पाच सेंटिमीटर खोल ठेवा, बॉक्स वर उचलून अडकवला की झालं. आर्टेमिया तळाशीही फिरते, तिथे त्यांना खाता येईल. उशिरा का होईना तरंगायला लागलेली पिल्लं मी पाहिली आहेत, पण थोडी. पंधरा दिवसांनंतरही जे तळावर घसटत असेल, ते पुढे उठेल असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पाठीचा कणा वाकडा, गालावरचं कल्ल्यांचं झाकण आखूड, किंवा जबडा उघडाच राहिलेला, हा तिसरा प्रकार. झाकण थोडं आखूड असेल तर मासा छान जगतो, फक्त त्याच्यापासून पुढे वीण घ्यायची नाही. जबडा मिटत नसेल तर त्याला खाता येत नाही आणि त्यावर घरी काही इलाज नाही.

आणि समजा सगळीच पिल्लं एकदम मलूल झाली, पर मिटून घेतले, पृष्ठभागाशी धापा टाकायला लागली, तर ते अशक्तपणाचं लक्षण मानू नका. आधी अमोनिया तपासा. नंतर टॉर्चच्या तिरप्या उजेडात अंगावर सोनेरी भुकटी दिसते का, ते पाहा. दिसली तर तो व्हेल्व्हेट नावाचा परजीवी असू शकतो आणि तिथे खरोखर औषध लागतं. पिल्लांसाठी त्याची मात्रा जाणकाराला विचारूनच ठरवा.

बाकी औषधांबद्दल माझं मत ठाम आहे. भुकेल्या पिल्लाला अँटिबायोटिक देऊ नका. त्याने भूक भागत नाही आणि अनेक अँटिबायोटिक्स फिल्टरमधले उपयोगी जीवाणू मारतात. मग अमोनिया चढतो आणि पिल्लं जातात, आणि आपण म्हणतो औषध देऊनही वाचली नाहीत. मिठाचंही तेच. मीठ हे टॉनिक नव्हे. धुतलेल्या आर्टेमियाबरोबर जे चिमूटभर जाईल तेवढं पुरे. तुम्हाला ज्यांनी हे सुचवलं ते चांगल्या मनानेच सांगत असणार, पण त्यांनी तुमची टाकी पाहिलेली नाही आणि पिल्लांची पोटंही नाहीत. बाटलीतलं औषध ओतायला दोन सेकंद लागतात, आर्टेमिया काढायला चोवीस तास, म्हणून माणसाचा हात आधी बाटलीकडे जातो.

‘सोडून द्यावं का’ असं तुम्ही विचारलंत. आठवडाभर पुरेसं अन्न, स्वच्छ पाणी आणि ऊब दिल्यावरही जे पिल्लू खात नाही, तळाशी कुशीवर पडून राहतं, त्याला रोज तसंच बघत राहणं मला योग्य वाटत नाही. त्याला जिवंतपणी बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका, तो मृत्यू सावकाश आणि वाईट असतो. आणि तळ्यात, ओढ्यात, विहिरीत तर कुठलंच पिल्लू, अगदी धडधाकटसुद्धा, सोडू नका. पाळीव मासे असे सोडल्याने तिथल्या मूळ माशांचं नुकसान झाल्याची उदाहरणं जगभर आहेत, एकट्या गप्पीचीच कितीतरी. त्या पिल्लासाठी टाकीतलं पाणी एका छोट्या बरणीत घ्या. झाकणाच्या बाटलीत थोड्या कोमट पाण्यात लवंगेच्या तेलाचे काही थेंब टाकून दुधासारखं पांढरं होईपर्यंत जोरात हलवा आणि ते बरणीत हळूहळू घाला. पिल्लू आधी गुंगतं. मग आणखी घाला आणि हालचाल पूर्ण थांबल्यावरही निदान तासभर तसंच राहू द्या, कारण लहान पिल्लं मेल्यासारखी दिसून पुन्हा शुद्धीवर येऊ शकतात. हे करताना हात जड होतो. मला इतकी वर्षं झाली तरी होतो.

मुलीबद्दल. तिला मोजू द्या, थांबवू नका. फक्त तिला मोजायला दुसरं काहीतरी द्या. भिंग द्या आणि रोज संध्याकाळी दहा पिल्लांपैकी किती पोटं नारिंगी आहेत ते वहीत लिहायला सांगा. हा आकडा खरोखर उपयोगाचा आहे, तुम्ही दिवसभर काय केलं ते त्यावरून कळतं, आणि हा वाढताना बघता येतो. काही पिल्लं का गेली हे विचारलं तर खरं सांगा, की ती भुकेली राहिली, आपल्याला त्यांचं अन्न माहीत नव्हतं आणि आता माहीत झालंय. आठ वर्षांच्या मुलीला एवढं समजतं. एंजल एका वेळी शेकड्यांनी अंडी घालतात, कारण अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या नद्यांत त्यातली अगदी मोजकी मोठी होतात, हेही सांगा. तीन-चार आठवड्यांत तिला एक गंमत दिसेल. काडीसारखी पिल्लं अंगाने उंच व्हायला लागतात, वरचे-खालचे पर लांबतात, आणि एका सकाळी टाकीत नाण्यापेक्षा लहान, पण अगदी आईबापांसारखे एंजल फिरत असतात.

तुमची जोडी आता पुन्हा अंडी घालेल. अंडी काढून घेतली की बरेचदा आठ-पंधरा दिवसांत पुढची वीण येते. ती वाढवायलाच पाहिजे असं नाही. पूर्ण वाढलेल्या जोडीलाच शंभर लिटरची उंच टाकी लागते, मग साठ पिल्लांचं काय करायचं हा प्रश्न दीड-दोन महिन्यांत समोर येणारच आहे. कोण किती घेणार, हे आत्ताच विचारून ठेवा. तोवर पुढची अंडी जोडीजवळच राहू द्या. तरुण जोडी पहिल्या काही विणी खाते, यात त्यांचा काही दोष नाही. आई-बाप पर हलवून अंड्यांना वारा घालताना, खराब होऊन पांढरं पडलेलं अंडं तोंडाने अलगद उचलून काढताना बघायला मिळाले तर ते तुमच्या मुलीसोबत बसून बघा.

आणि पुढे कधी वाढवायचं ठरवलंत, तर अंडी दिसली त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. सातव्या-आठव्या दिवशी पिल्लं पोहायला लागतील. आर्टेमियाची पहिली बाटली सहाव्या दिवशी सकाळी लावा. पिल्लं अजून पानाला लटकलेली असतील, तुम्हाला वाटेल घाई होतेय. तरी लावा.

आत्ता मात्र पहिली बाटली आजच रात्री लागली पाहिजे. वहीतले आकडे आठवड्याने कळवा.